ढोलाची दाखवायची बाजू

दवनीवाड्याचा उदाराम चालायला लागला की त्याच्या पोटावर ढोल बांधलेला आहे असं वाटायचं. ढोल नसायचा. कित्येक वर्षांत नव्हता. पण बँडमास्तराची चाल एकदा अंगात मुरली की ती काही निवृत्त होत नाही. धानाच्या बांधीत पाणी पाहायला निघालेला उदारामसुद्धा खांदे मागे, पोट पुढे आणि उजवा हात किंचित हवेत, अशा थाटात बांधावरून जायचा. समोरून येणारा माणूस चिखलात उतरून वाट द्यायचा. उदारामला तो मान वाटायचा. खरं तर बांध अरुंद होता आणि पोट रुंद होतं.

श्री दुर्गा ब्रास बँड हा त्याच्या बापाने, दुधरामने, उभा केला होता. बँडचं दैवत म्हणजे बडा ढोल. पितळेचा घेर, लाकडी कडी, दोन्ही अंगांना खरं चामडं आणि ते ताणायला भोवती स्क्रू. गोरे लोक देश सोडून गेले तेव्हा कामठीच्या छावणीतून दुधरामने तो आणला, असं घरात सांगत. ढोल देताना गोरा साहेब ढसढसा रडला होता, असंही सांगत. साहेबाचं नाव दर दिवाळीला बदलायचं, रडणं मात्र कायम असायचं.

मग डीजे आला. बँडवाले एकेक करून पांगले. क्लॅरिनेटवाल्याने चौकात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचं दुकान टाकलं, ट्रम्पेटवाला गोंदियाच्या राईस मिलमध्ये पोती मोजायला लागला. शेवटचं लग्न तिरोड्याकडचं होतं. मुलीकडच्यांनी बँड सांगितला होता, मुलाकडचे डीजे घेऊन आले. मांडवाच्या तोंडाशी उदारामच्या माणसांना कोणीतरी फार प्रेमाने म्हणालं, "तुमी आधी जेवून घ्या ना." वऱ्हाड उपाशी आणि वाजंत्री पंगतीत, असा मान बँडला त्याआधी कधी मिळाला नव्हता. बुंदी दोनदा वाढली. ढोल बाजूला सतरंजीवर बसून राहिला. त्या दिवसापासून उदाराम बुंदी खात नाही. विचारलं तर मधुमेह सांगतो.

माळ्यावर गेलेला तो ढोल पुन्हा खाली उतरला त्याला कारण संस्कृती. म्हणजे कारण खिडकीची काच, पण गावसभेत संस्कृती म्हणाले. दिवाळीची भाऊबीज झाली की या मुलखात गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते. सकाळी मातामाय देवीच्या ओट्यापासून मोरपिसांची ढाल मिरवत बाजारापर्यंत नेतात, मग दिवसभर दुकानं, पाहुणे, दंडारीची नाचगाणी. गेल्या वर्षी ढालीपुढे टिंकूचा डीजे होता आणि त्याच्या दणक्याने सरपंचांच्या नव्या घराची काच तडकली. काच दुसऱ्या कोणाची असती तर प्रगती म्हणून सोडून दिली असती. सरपंचांची असल्यामुळे गावाला आपली जुनी परंपरा धोक्यात असल्याचं एकदम कळलं. ठरलं असं की यंदा ढालीपुढे उदारामचा ढोल. चांगला वाजला तर यापुढे दर मंडईला तोच. नाही वाजला तर टिंकूची मशीन तयार उभी राहील, आणि मग ढोलाचं नाव कोणी काढायचं नाही.

"मंजूर," उदाराम म्हणाला. घरी येईपर्यंत त्याचं पोट आणखी वीतभर पुढे आलेलं होतं.

माळ्यावरून ढोल खाली घेतला, गोणपाट काढलं, आणि उदारामचं तोंड उघडंच राहिलं. ढोलाला काहीतरी झालं होतं. घेरावर, कडीवर, दोन्ही चामड्यांवर तपकिरी रंगाचा एक जाड थर चढला होता. कुठे काचेसारखा चकचकीत, कुठे भुसा आणि धूळ चिकटून खरबरीत. वरून बोट लावलं की चिकचिक, खालून नख मारलं तर टणक. पितळ तर कुठे दिसतच नव्हतं.

"हे काय झालं वं?" तो ओरडला.

शामकला, त्याची बायको, अंगणात सुपाने धान पाखडत होती. तिने मान वर केली. "अवो, मी काय म्हनते, तो..."

"तू चूप राय. तुले ढोलातला काय समजते?"

शामकलाने सूप हलवायला घेतलं. हे वाक्य ती लग्न होऊन आली त्या वर्षापासून ऐकत होती. दसऱ्याला ढोलाची पूजा उदाराम करायचा. हळदकुंकू तो वाहायचा, तेही गोणपाट न काढताच, नारळ तो फोडायचा, खोबरंही बरंचसं तोच खायचा. पूजेनंतर ढोल परत माळ्यावर कोण चढवतं, त्याआधी त्याचं काय करतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घरातले पुरुष झोपतात. ही परंपरा मात्र कधी धोक्यात आली नाही.

आता उदारामने शोध सुरू केला. आधी नाक लावलं. खर्र्याचा वास आला. त्याला कशालाही नाक लावलं तरी खर्र्याचाच वास येतो, कारण सकाळी दात घासल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत खर्रा त्याच्या गालातच असतो. मग जीभ लावून पाहिली. खर्र्याचीच चव आली. एवढ्या कसून तपासणीनंतर त्याने निकाल दिला की ही वस्तू साधी नाही. खर्रा थुंकून आणि चूळ भरून पुन्हा एकदा वास घ्यावा, एवढं काही त्याला सुचलं नाही.

ढोल हातगाडीवर टाकून तो चौकात चुन्नीलालच्या हार्डवेअरच्या दुकानी गेला. चुन्नीलाल मूळचा बालाघाटकडचा, हिंदीत बोलायचा आणि जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्याच्या फळीवर डबा असायचा.

"जंग है भाऊ," न पाहताच चुन्नीलाल म्हणाला.

"पितळेले जंग?"

"आजकल सबको लगता है." आणि त्याने गंज काढायचा डबा पुढे केला.

उदाराम चामड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "अन् चामड्याले?"

चुन्नीलालने दुसऱ्या फळीकडे हात नेला. "वो केमिकल है. हवा में बहुत केमिकल आ गया. उसका अलग डिब्बा है." असं करत करत त्याने सोडा दिला, पितळ चमकवायची पावडर दिली, तारेची घासणी दिली आणि शेवटी थिनरची मोठी बाटली दिली. आजार कोणता ते ठरलं नव्हतं, औषधं मात्र पिशवीभर झाली.

परतताना पिंपळाखाली खेमराज भेटला. खेमराज पूर्वी पळसाच्या झाडांवरची लाख गोळा करायला रानात जायचा, आता नुसता बसतो. त्याने थरावर नख मारलं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि म्हणाला, "लाखीसारखा दिसते गा."

बस. उदारामला तेवढंच हवं होतं. 'सारखा' हा शब्द घरी पोचेपर्यंत गळून पडला आणि उरली ती लाख. आता ढोलावर लाख आपोआप थोडीच येते? कोणीतरी आणून, वितळवून, मुद्दाम ओतली असणार. आणि ढोल बिघडला तर फायदा कोणाचा? टिंकूचा. एवढं सगळं त्याने एका दमात ओळखलं आणि तसाच टिंकूच्या दारात जाऊन उभा राहिला.

टिंकू पिकअप गाडीवर स्पीकर बांधत होता. पोरगा तसा सभ्य होता, फक्त सतत मोठ्याने बोलायचा, कारण त्याला कमी ऐकू यायला लागलं होतं.

"काऊन बे टिंकू, माह्या ढोलाले लाख लावली तू?"

"काय लावली?"

"लाख! लाख!"

"काका, मी कायले लावू? मले लाख भेटली तं मी इकीन ना बाप्पा. तुमच्या ढोलाले कायले चोपडत बसू?"

उत्तर बिनतोड होतं, म्हणून उदाराम जास्तच चिडला. "मंडईच्या दिवशी सांगतो तुले," एवढं बोलून तो पोट पुढे काढून निघून आला. सगळ्या गल्लीने ऐकलं. संध्याकाळपर्यंत गावात ढोलावर लाखेचा प्रयोग झाल्याची बातमी पसरली आणि लोक पाहायला यायला लागले. प्रत्येकाने बोट लावलं. थर आणखी थोडा चिकट झाला.

भाऊबीजेच्या आधीच्या दिवसांत घरोघरी धान कापणी जोरात असते. उदारामच्या बांधीतही धान पिकून वाकलं होतं. शामकला मजूर बायांना घेऊन विळा चालवत होती, आणि बँडमास्तर अंगणात लुंगी खोचून ढोल घासत होता. आधी राख आणि चिंच. मग सोडा घालून उकळतं पाणी. मग रॉकेल. मग चुन्नीलालचे डबे ओळीने. थर हसत बसला. शेवटी थिनरची बाटली उघडली, फडकं बुडवलं, आणि तो टणक तपकिरी थर विरघळायला लागला. पाणी झेंडूच्या वाफ्यात जायचं. झेंडू मेला. पण घेराच्या एका अंगाने पितळ असं लखलखून निघालं की उदारामला त्यात स्वतःचं तोंड दिसलं. ते बराच वेळ पाहून तो खूश झाला.

मग त्याने चामड्याला हात घातला. शामकला शेतावरून नुकतीच आली होती, डोक्यावर भारा तसाच होता. तिने भारा खाली टाकला.

"चामड्याले नोका घासू. मी सांगते ना, तो थर..."

"अन् तोंड धुऊन नाक मळका ठेवू काय?"

"आयकून तं घ्या."

"तुले ढोलातला काय समजते? लाख होय ती. खेमराज म्हनला, मी म्हनलो. आता तू नवीन सांगजो नोको."

शामकलाने पदर खोचला. तिने भारा उचलला आणि गोठ्याकडे गेली. त्या दुपारी उदारामने ढोलाची उजवी बाजू, म्हणजे तो टिपरूची काठी मारतो ती, थिनर आणि घासणीने इतकी घासली की चामडं धुतलेल्या धोतरासारखं पांढरं पडलं. थराचा मागमूस उरला नाही. उदाराम दमला, पण असा दम त्याला फार वर्षांत लागला नव्हता, म्हणून त्याचंही त्याला कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी डावी बाजू घ्यायला गेला, तर थिनरची बाटली रिकामी.

"बोक्यानं सांडवली," शामकला म्हणाली. चूल फुंकत होती, वर पाहिलं नाही.

"आपल्याकडं बोका कोठचा?"

"आलता."

चुन्नीलाल बहिणीकडे ओवाळून घ्यायला बालाघाटला गेलेला, दुकान बंद. आता काय करायचं? उदारामने ढोलाभोवती एक चक्कर मारली आणि मोठ्या शहाणपणाने ठरवलं की डाव्या बाजूची काही गरजच नाही. मिरवणुकीत लोक उजवी बाजू पाहतात. डावी बाजू उदारामच्या अंगाकडे असते, आणि उदाराम दिसत असताना ढोलाचं चामडं पाहणारा माणूस गावात नव्हता, असं त्याला वाटत असे. म्हणून डावी बाजू तशीच राहिली, तपकिरी, चिकट, भुसा लागलेली. मंडईच्या आदल्या संध्याकाळी त्याने ढोल घराच्या ओट्यावर मांडला, घासलेली बाजू रस्त्याकडे करून. येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावं. सकाळपर्यंत तिथेच राहू द्या, म्हणाला. शामकलाने विचारलं, "दव पडीन ना?" तिला काय समजतं ते त्याने पुन्हा एकदा सांगितलं.

मंडईच्या दिवशी मिरवणूक पार पडेपर्यंत खर्रा तोंडात घालायचा नाही, असा त्याने मातामायला नवस केला होता. मातामायने असा नवस मागितला नव्हता, पण आपण काहीतरी मोठं सोडलं आहे ही भावना उदारामला उपयोगी पडायची.

सकाळी गावावर धुकं होतं. तलावाकडून ते सरकत येतं आणि धानाच्या कापलेल्या धसकटांवर बसतं. मातामायच्या ओट्यापाशी ढाल उभी राहिली, पाहुणे जमले, बाया आरतीची ताटं घेऊन आल्या. मागे टिंकूची पिकअप. क्लॅरिनेटवाला खर्र्याचं दुकान बंद करून आला होता, सोबत एक साईड ड्रमवाला. उदारामने लाल कोट घातला. कोट बटणाशी भांडत होता. ढोल पट्ट्याने पोटावर आला, लखलखीत पितळ, पांढरंशुभ्र चामडं, आणि लोक म्हणाले, "वा!" त्या एका 'वा'साठी त्याने घरच्या कापणीकडे पाहिलं नव्हतं.

त्याने टिपरू उचललं आणि मारलं.

भद्द.

ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज. पुढच्या रांगेतली पोरं फिस्सकन हसली. त्याने पुन्हा मारलं. भद्द. त्याने स्क्रू आवळले, चारही बाजूंनी आवळले, दात ओठ खाऊन आवळले. चामड्याच्या मधोमध सुरकुती पडली. मारलं. आता तर भद्दही नाही, नुसतं फस्स. रात्रभर दव प्यायलेलं, थिनरने उघडं पडलेलं ते चामडं हाताखाली भिजल्या पापडासारखं लिबलिबत होतं.

सरपंचांनी मोबाइलवर वेळ पाहिली. टिंकू पिकअपवरून, खरोखर आदराने, ओरडला, "काका, मशीन चालू करू काय?"

उदारामने टिपरू खाली घेतलं. त्याला एकदम ती बुंदी आठवली, दोनदा वाढलेली. आधी जेवून घ्या ना. त्याला वाटलं, आता कोणीतरी येऊन तेच म्हणेल, आणि या वेळी गावातलंच माणूस म्हणेल. खांदे मात्र सवयीने मागेच होते, ते त्याला पुढे घेता येईनात. या गावात आपण ढोलावाचून कोणीच नाही, हे त्याला त्या क्षणी स्वच्छ कळलं, आणि भीती वाटली.

"उलटा करा."

आवाज बायांच्या रांगेतून आला. शामकला आरतीचं ताट धरून उभी होती.

"काय?"

"ढोल उलटा करा. तिकडली बाजू इकडं घ्या."

उदारामने तोंड उघडलं. नेहमीचं वाक्य जिभेच्या टोकावर आलं. पण आज तोंडात खर्रा नव्हता आणि समोर सारा गाव होता, आणि वाक्य काही बाहेर पडलं नाही. त्याने पट्टा सोडला, ढोल फिरवला, पुन्हा बांधला. ती तपकिरी, भुसा चिकटलेली बाजू गावापुढे आली.

"अरे, हे घान बाजू कायले दाखवून राह्यला?" कोणीतरी म्हणालं.

उदारामने डोळे मिटले आणि टिपरू मारलं.

धम्म.

पिंपळावरचे बगळे उठले. आवाज मातामायच्या ओट्यापासून तलावापर्यंत गेला आणि परत आला. सरपंचांनी सर्वांत आधी आपल्या खिडकीकडे पाहिलं. काच शाबूत होती. मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या आणि आपल्या परंपरेविषयी शेजाऱ्याला काहीतरी सांगायला लागले. क्लॅरिनेटवाल्याने फुंक घातली, ढाल हलली आणि मिरवणूक निघाली. टिंकूने पिकअपचं इंजिन बंद केलं. तोही खाली उतरून चालायला लागला, कारण एवढ्या दिवसांत दोन स्पीकरांच्या मधे न उभं राहता त्याने काही ऐकलं नव्हतं.

बाजाराच्या अर्ध्या वाटेवर धुकं फाटलं आणि ऊन ढोलावर आलं. तपकिरी थर तापला. आणि उदारामला वास आला.

आधी त्याला वाटलं, कुठल्या तरी दुकानात भजी तळायला घेतली. पण वास दुकानातून येत नव्हता, हनुवटीखालून येत होता. कडवट, धुरकट, ओळखीचा. जवसाचं तेल. लहानपणी घरी सगळं जवसाच्या तेलातच व्हायचं. मायच्या चुलीवरच्या भज्यांच्या कढईला बाहेरून असाच तपकिरी चिकट थर असायचा, वर चिकचिक आणि खाली टणक. ती कढई त्याने हजारदा पाहिली होती, तिच्यातलं खाल्लं होतं, आणि गेले कित्येक दिवस तो हाच थर चाटून, नखलून, चुन्नीलालला दाखवून शेवटी लाख म्हणून सांगत होता. त्याचा एक ठोका चुकला. लोकांना ती नवीन चाल वाटली.

मिरवणूक बाजारात पोचली. सरपंचांनी दर वर्षी ढोल म्हणून जाहीर केलं. टाळ्या झाल्या. उदारामने कोणाकडे पाहिलं नाही. ढोल पोटावर तसाच ठेवून तो गर्दीतून वाट काढत बांगड्यांच्या दुकानापाशी गेला. शामकला हिरव्या बांगड्या निवडत होती.

"शामकला, हा जवसाचा तेल होय?"

"नाही," ती बांगडी उजेडात धरून म्हणाली. "लाख होय."

बांगडीवाली हसली. उदाराम हसला नाही. तो उभाच राहिला, तेव्हा शामकलाने बांगड्या खाली ठेवल्या.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लावते मी. पातर हात, फडक्यानं. तुमी झोपून राहता तवा. चामड्यावर तेल वाळला का पानी आत नाही जात, दव नाही लागत. इकडं तलावाचं गाव, सारी ओल. म्हनून."

"मंग सांगतली काऊन नाही?"

 शामकलाने फक्त त्याच्याकडे पाहिलं, आणि ती सगळी वर्षं, सगळे 'तू चूप राय', त्याला एकामागून एक ऐकू आले. त्याला लाज वाटली. लाज या गोष्टीशी त्याची फारशी ओळख नव्हती, त्यामुळे तिचं काय करायचं ते त्याला कळेना.

"बोका नव्हता आलता ना?" त्याने हळूच विचारलं.

"नव्हता."

"माह्या चुकला," तो म्हणाला. मग ढोल थोडा वळवून त्याने घासलेल्या बाजूवर बोट ठेवलं. "आता ह्या बाजूले तेल लावला तं होईन ना पयलेसारखा?"

"होईन. लय दसरे लागतीन, पन होईन." शामकलाने त्या पांढऱ्या चामड्यावरून बोट फिरवलं. "सासूबाईनं शिकवला होता मले. तुमच्या मायनं. सगळ्यात खालचा थर तिच्या हातचा होता."

उदारामने त्या पांढऱ्या चामड्याकडे पाहिलं. त्याची माय रुख्माबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचा फोटो नव्हता. तिची कढई मोडीत गेली होती, जातं कोणीतरी मागून नेलं होतं. तिच्या हातचं घरात एवढंच शिल्लक होतं, आणि ते त्याने चुन्नीलालच्या थिनरने भर अंगणात, लोकांना दाखवून दाखवून, घासून काढलं होतं. झेंडूच्या वाफ्यात गेलं ते. त्याचे डोळे भरले, आणि एका हातात टिपरू, दुसरा ढोलावर, पुसायला हात रिकामा नव्हता.

"अन् ह्या बाजूले?" त्याने तपकिरी चामड्याकडे मान करून विचारलं. "इकडं हाय?"

"हाय," शामकला म्हणाली. "खाली हाय."

उदाराम घरी निघाला. मंडईत पाय ठेवायला जागा नव्हती, पाहुणे, पोरं, फुगेवाले. टिंकू हाक मारत होता, सरपंच चहाला बोलावत होते. तो थांबला नाही. गावाने त्या दिवशी पहिल्यांदा उदारामला खांदे पुढे घेऊन, पोट आत ओढून, अंग चोरून चालताना पाहिलं. एक हात त्याने ढोलाच्या त्या मळक्या बाजूवर आडवा धरला होता, आणि "धक्का नोका देऊ गा, जरा सरका," असं तो प्रत्येकाला म्हणत होता.